तीनशे बारा पानं

३ मार्च, मारिबोर
आजपासून रोज लिहिणार. पुढच्या पिढ्यांना कळायला हवं. एका शाळेच्या ॲपमधली मुलांच्या अभ्यासाची माहिती दुसऱ्या शाळेच्या ॲपला नीट वाचता यावी, म्हणून देशभर एकच पद्धत ठरवायची आहे. मसुदा मी लिहितोय. जी ॲप्स तो पाळतील त्यांना सर्टिफिकेट. त्यावर सही माझी. आज पान २६० झालं. सहीचा सराव केला.

९ मार्च
रोजचा नेम चुकला. कामाचा ताण. समोरच्या टेबलावरची झ्वोन्का (अकरा वर्षांची सोबत) म्हणाली, "राडिवोय, तुझ्या मसुद्याबद्दल जरा बोलायचंय." कौतुकाने मला अवघडायला होतं. परिशिष्ट सात बघ म्हटलं.

१७ मार्च, सकाळी
कोपेरच्या शाळेतून वीदाबाईंचा फोन. गाव बदलून आलेल्या एका मुलीची माहिती नव्या ॲपला वाचताच येत नाही. ते तिला तेच अपूर्णांक तिसऱ्यांदा शिकवतंय. "पोरगी रडते हो, साहेब!" त्यांनाही परिशिष्ट सात सांगितलं. बाईंनी फोन ठेवला. समजलं असावं.

४ एप्रिल
मसुदा पुरा! उद्या समितीचं मतदान. नऊपैकी सहा मतं पक्की. झ्वोन्काला तर विचारायचीही गरज नाही.

५ एप्रिल, संध्याकाळी ५
दगा.
टेबलावर दुसराच मसुदा. नऊ पानं. लिहिणारी झ्वोन्का. वीदाबाईंना बोलावून घेतलेलं. त्या मुलीची माहिती सगळ्यांसमोर एका ॲपमधून दुसऱ्यात गेली, चार सेकंदांत. टाळ्या. सवयीने मीही वाजवल्या. आठ विरुद्ध एक. ते एक माझं. माझी पक्की मतं नंतर कॉफी घेताना खिडकीबाहेर बघत होती.

६ एप्रिल
जाब विचारला. अकरा वर्षांत कधी चढवला नाही एवढा आवाज चढवला. ती शांतच. "चारदा सांगायला आले. चारही वेळा तू परिशिष्टाकडे पिटाळलंस. मग त्या बाईंनी मला फोन केला. काय करायला हवं होतं मी?" जाताना म्हणाली, "तीनशे बारा पानं मी दोनदा वाचली, राडिवोय. पहिलं प्रकरण चांगलं होतं. तेवढं तसंच घेतलंय."
हे जास्त लागलं.

१० एप्रिल
मसुद्यासाठी नमुना म्हणून मी बनवलेलं ॲप नव्या नियमांनुसार तपासलं. नापास. तारीख आणि महिना उलटे. हे मुद्दाम चाललंय.

११ एप्रिल, सकाळी १०
राजीनामा पाठवला. चौदा पानं. वाचून संचालक मला अडवणारच. परत यायचं तर माझ्या काही अटी असतील.

१०.०४
"मंजूर. शुभेच्छा."
चार मिनिटांत चौदा पानं होत नाहीत. वाचलंच नाही त्यांनी. या ऑफिसात माझं लिहिलेलं कोणी वाचतच नाही.
एक झ्वोन्का सोडली तर.