तोफेचं बोलावणं

८ जानेवारी, बुधवार
सकाळी ह्यांच्या मोबाइलवर फोन. ह्यांना फोनवरचं काही ऐकू येत नाही, म्हणून तो मोबाइल माझ्याच पर्समध्ये असतो. लष्कराच्या संग्रहालयातून कोणी हवालदार बोलत होता. जुनी पंचवीस पौंडी तोफ दुरुस्त करून मांडली आहे, तिच्या वहीत ह्यांचं नाव सापडलं. २ फेब्रुवारीला दालन उघडणार. त्या तोफेवरच्या सहा जणांपैकी दोघंच उरलेत, हे आणि पंजाबातले बलबीरसिंग. साहेबांनी यावं.
म्हटलं, साहेबांची तब्येत बरी नसते, प्रवास झेपणार नाही.
तब्येत ठणठणीत. सकाळीच कुरुदच्या तलावापर्यंत चालून आले होते.
कोण होतं, ह्यांनी विचारलं. विमावाला, असं सांगितलं.

९ जाने.
खोटं बोलले. पश्चात्ताप नाही.
लग्न ठरवताना मध्यस्थ म्हणाले, मुलाला थोडं कमी ऐकू येतं. थोडं! हे तोफेचा निशाणा धरणारे. तोफेच्या डाव्या अंगाला, लोखंडी बैठकीवर, उजवा कान तिच्याकडे. उजवा तिथेच गेला. डावा पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरी करता करता गेला. सत्तेचाळीस वर्षं मी ओरडते आहे. या घरात कुजबुजून कधी काही बोलता आलं नाही. वर्षा झाली तेव्हा "मुलगी" हा शब्द अख्ख्या वॉर्डाने ऐकला. शाळेत पोरी म्हणत, मॅडम रागावल्या. रागावले नव्हते, आवाजच तसा झाला होता.
आता त्या तोफेला तेलपाणी करून, भोवती दोर लावून उभी केली आहे. आणि आम्ही जाऊन हार घालायचा?

१४ जाने., संक्रांत
वर्षा रायपूरहून आली. तिला सांगितलं. तिळगूळ हातातच राहिला तिच्या.
"बाबांना विचारलंस?"
विचारायचं काय त्यात, असं मी म्हटल्यावर म्हणाली, तोफेनं कान नेले, तू आता निरोपही नेतेस. बरीच बोलली. हे समोर बसून लाडू खात होते आणि मायलेकी काय भांडताहेत म्हणून हसत होते. तिला बजावलं, तू मध्ये पडू नकोस. नाही पडत, म्हणाली, पण जेवायला थांबली नाही.

२१ जाने., मंगळवार
सुपेल्याला गेले होते, ह्यांच्या कानाच्या मशीनचे सेल आणायला. परत येते तर हे अंगणात खुर्ची टाकून बसलेले, हातात कुरिअरचं पाकीट. संग्रहालयाचं पत्र. आपल्या आजारपणाबद्दल समजून वाईट वाटलं, लवकर बरे व्हा, बलबीरसिंग साहेब तुमची फार आठवण काढतात.
डोळे उत्तम आहेत ह्यांचे.
"मी बिमार आहो का?"
मी हातातली पिशवी खाली ठेवली.
"सत्तेचाळीस वर्षं तू माहे कान आहे. कानानं ऐकलं अन् मलेच नाही सांगितलं? कावून?"
सांगितलं मग कावून ते. सगळं, गेटपर्यंत ऐकू जाईल असं. म्हटलं, त्या तोफेवरच्या बाकी पाच जणांची नावं, गावं, कोण कुठे झोपायचा, सगळं पाठ आहे. वर्षाचा वाढदिवस विचारला तर माझ्याकडे बघता.
त्यांनी मशीन काढून डबीत ठेवलं. डबी बंद म्हणजे चर्चा संपली, ही ह्यांची जुनी पद्धत.

२४ जाने.
तीन दिवस मशीन डबीतच. ओरडायचंही काम नाही. घर शांत आहे आणि मला ते सहन होत नाही, पण हे त्यांना कळता कामा नये.
दुपारी एकटेच दुर्गला गेले. गाडी, तारीख, नाव, वय सगळं चिठ्ठीवर लिहून नेलं आणि तिकीट काढून आले. एकच. ताटाशेजारी ठेवलं, मला दिसेल असं.
म्हटलं, स्टेशन चुकेल. घोषणा कशी ऐकणार? ऐकू गेलं नाहीच. त्यांच्याकडे पाठ करून पोळ्या लाटल्या.

३१ जाने., शुक्रवार
गेले. कोट घातला, मेडल लावलं नाही. डबी टेबलावर ठेवून निघाले. मी धावत फाटकापर्यंत नेऊन दिली, तर म्हणाले,
"राहू दे मास्तरीण. तुह्याजवळच ठेव. तिले माहा आवाज ओळखू येते."
तिले म्हणजे तोफेले. लोखंडाच्या तुकड्याला सवत करून ठेवलं आहे माणसानं.
रिक्षा वळेपर्यंत उभी राहिले नाही. आत आले.

१ फेब्रु.
हवालदाराला मीच फोन केला. पोचले. फलाटावर त्यांच्या नावाची पाटी धरून माणूस उभा होता. पाटी धरायचं मीच हवालदाराला आधी सांगितलं होतं. हे ह्यांना सांगू नका, असंही सांगितलं होतं.

३ फेब्रु., सोमवार
दुपारी फोन. हवालदाराचा नंबर, आवाज ह्यांचा. मी हॅलो म्हटलं.
"तू बोलू नको. मले काही आयकू येत नाही. मीच सांगतो."
मग सांगत राहिले. तोफेला रंग चांगला दिला आहे, पण निशाण्याची काच दुसऱ्याच तोफेची आहे, तिथल्या मेजरला ते दाखवून दिलं. बलबीर काठी घेऊन आला आणि गळ्यात पडून रडला. तोही ठार बहिरा, दोघं दिवसभर बोलले आणि दोघांनाही काही कळलं नाही. त्या बैठकीवर बसवलं ह्यांना. गुडघे दुखले. मी दोनदा मध्ये बोलायला गेले आणि गप्प झाले. ह्यांचं बोलणं असं शेवटपर्यंत कधी ऐकलं नव्हतं, मीच बोलत असे.
"हे लोक आठवणी रेकॉर्ड करून राहिले. आठ दिवस थांबा म्हणते. पण इथले पोट्टे लय हळू बोलतेत, कोनी ओरडतच नाही. कागदावर लिहून किती लिहीन. तू ये."
वर म्हणाले, "त्या तोफेसाठी नको येऊ."
फोन हवालदाराच्या हातात दिला.
"मैडम, साहब को क्या बोलूँ?"
चार वाजता सांगते, म्हटलं. तो म्हणाला, साहब यहीं कुर्सी पर बैठे हैं, हट नहीं रहे.
आता तीन वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत.