गाळलेल्या ओळी

४ नोव्हेंबर
सानगडीला पोचले एकदाची! साकोलीहून ऑटोत बारा माणसं, तेरावी मी आणि मांडीवर लॅपटॉप. खोली सुशीलाबाईंकडे मिळाली. सत्तरीच्या, एकट्या, तोंडाने फटकळ. मी किती वाळकी आहे यावरच पहिली पाच मिनिटं गेली. त्या स्वतः मागाहून जेवतात; मला दुपारी गरम भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. समोर आणखी एक ताट वाढलेलं होतं. ते रुपाचं, म्हणाल्या. एकुलती लेक, सोळाव्या वर्षी गावच्या तलावात बुडाली. एकवीस वर्षांत तिचं दुपारचं ताट चुकलेलं नाही. सांगताना रडल्या, आणि रडतारडताच मला आणखी भात वाढला. मला त्या फार आवडल्या.

५ नोव्हेंबर
ज्या संस्थेच्या कामासाठी आले, तिने गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून टाइप करून घेतल्यात. एका माणसाची एक फाईल. सुशीलाबाईंचीही आहे. बोलणारा रडला की टाइप करणाऱ्याने इमानदारीने त्या ओळीत कंसात ‘रडणं’ लिहिलंय. पद्धत कळावी म्हणून संस्थेच्या चंद्रकुमार सरांनी माझीही आठवण टाइप करून घेतली. मी आईचं सांगितलं. जवाहरनगरच्या क्वार्टरच्या पायरीवर बाबांच्या फॅक्टरी बसची वाट बघत ती माझी वेणी घालायची, केस ओढले की मी ओरडायचे, मग ती मुद्दाम पुन्हा ओढायची. तिला जाऊन वर्ष होत आलं. माझ्याही जवळजवळ प्रत्येक ओळीत कंस पडला. मी धरून फायली दोनशे तेरा.

८ नोव्हेंबर
सरांचा हुकूम: अहवाल वर जायचाय, रडारड नको, त्या ओळी काढा. हाताने महिना गेला असता. मी लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर ग्रेपची, म्हणजे शब्द शोधणाऱ्या प्रोग्रॅमची, एकच आज्ञा लिहिली: ज्या ओळीत ‘रडणं’ सापडेल ती गाळ, बाकीच्या ठेव. सगळ्या फायलींवर एकदम चालवली. पसारा नको म्हणून नव्या फायली जुन्यांवरच ठेवल्या, जुन्या आपोआप पुसल्या गेल्या. चहा गार व्हायच्या आत काम खलास. सर खूश, मी त्याहून खूश.

९ नोव्हेंबर
आज सुशीलाबाईंनी दोन ताटं वाढली आणि दुसऱ्याकडे बघत बसल्या. रुपाचं ना, मी म्हटलं. “कोन रुपा वो? अन् मी दोन ताटं कायले वाढून राहिली?” असं त्यांनी मलाच विचारलं. डोळे कोरडे ठणठणीत. शेजारचे यादोराव खुंटीवरचं एक लुगडं घेऊन दारोदार विचारत होते, हे कोनाचं आहे. त्यांच्या वारलेल्या बायकोचं होतं ते. त्यांचीही फाईल माझ्याकडे आहे.

१० नोव्हेंबर
दोन्ही फायली उघडल्या. रुपाची एक ओळ उरलेली नाही. यादोरावांच्या बायकोचीही नाही. सरांकडे धावत गेले. जुनी प्रत नाही, मूळ आवाज मोबाइलमधून पुसले, जागा नव्हती म्हणे. म्हाताऱ्यांना विसर पडतोच, असं म्हणून हसले.
या डायरीतलं चार तारखेचं पान सुशीलाबाईंना वाचून दाखवलं. परक्याची बातमी ऐकावी तसं ऐकलं. “बिचारी पोरगी,” म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला लागल्या. मी काय करून बसले हे!

११ नोव्हेंबर
माझी फाईल. तीही त्याच फोल्डरमध्ये होती —
उघडली. दोन ओळी. क्वार्टरचा नंबर. बस यायची वेळ.
मी आठवण कोणाची सांगितली होती?

१२ नोव्हेंबर
बाबांचा फोन. परवा वर्षश्राद्ध आहे, उद्याच ये. मी विचारलं, कोणाचं?
 ते रडायलाच लागले. बाबांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. मला मात्र — काहीच — कोरडं —

१३ नोव्हेंबर
पाच तारखेचं पान पुन्हा वाचलं. अक्षर माझंच. पायरीवर कोणी बाई वेणी घालतेय. नाव नाही लिहिलं मी — नुसतं नातं — वाचता येतं, पण आत काही हलत नाही —
सुशीलाबाईंनी आज तीन ताटं वाढली. कायले, ते त्यांनाही ठाऊक नाही. तिसरं माझ्या शेजारी. भाताची वाफ —
मागून कोणीतरी केस ओढले. हळूच. मुद्दाम पुन्हा —
मी वळले. हाक मारायला तोंड उघडलं, आणि काय म्हणून मारू, ते —