ट्रॉलीचा उरलेला रंग

४ जानेवारी

सडकेवर पळणं आजपासून बंद. मोटारसायकलवरची पोरं रोज तेच ओरडतात — "एस्टी चुकली का गं?" आज मी आणि माझी मैत्रीण तेजश्री डोंगराच्या पायवाटेने पळालो. दम निघाला! पण तिथे बघायला फक्त शेरडं, आणि ती हसत नाहीत.

तेजश्रीची पोलीस भरती मार्चमध्ये आहे. तलवाड्याचं स्थळ आत्ताच तयार. तिचे वडील, बिभीषणकाका, स्पष्ट म्हणालेत, "पळणं बंद झालं त्या दिवशी सुपारी फोडायची."

ठरवलं — सव्वीस जानेवारीला मुलींची डोंगर दौड! घरातली पहिली पदवीधर मी. बी.एस्सी. काय नुसती भिंतीवर लावायची?

९ जानेवारी

वर जाताना फाटे फार आहेत, नवीन मुली चुकतील. म्हणून वाटेवरचे मोठे धोंडे रंगवले. चुना उन्हात दिसत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा शेंदरी ऑइलपेंट उरला होता, तो लांबूनही दिसतो. अर्धा डबा शिल्लक राहिला, गोठ्यामागे ठेवला.

आई म्हणाली, "रंग कावून नेलता?"

"वाट दाखवायला. मोठ्या शहरांत असंच करतात."

आईने माझ्या हातांकडे बघितलं आणि हिरव्या बांगड्या वाजवत पुन्हा भाकरी थापायला लागली. तिला काय सांगणार!

११ जानेवारी

अर्जुनराव आले. सरपंच आहेत विमलबाई, पण त्यांचे यजमान अर्जुनराव, म्हणून सरपंच तेच. सोबत बिभीषणकाका.

"पोरींचं डोंगरावर काय काम? काही कमीजास्त झालं म्हंजे? दौडबिड काही न्हाई!"

मी समान हक्कांवर बोलले. मुद्देसूद बोलले. ते माझ्या वडिलांना, आण्णांना म्हणाले, "लई शिकली हाय तुमची पोरगी." हे कौतुक नव्हतं. आण्णा बशीतला चहा फुंकत राहिले. संध्याकाळी कळलं, काकांनी तेजश्रीचे बूट माळ्यावर टाकलेत.

आई चुलीपुढेच होती. एक शब्द नाही! ती कधीच काही बोलत नाही. बायका पुढे येणार तरी कशा?

१३ जानेवारी

पहिल्या धोंड्यावर हळदकुंकू! दोन हिरव्या बांगड्या! नारळ!

दुपारपर्यंत निम्मं गाव वर. धोंडीराम गुरव म्हणाले, "आई परगटली." मी ओरडून सांगितलं — अहो, ट्रॉलीचा रंग आहे! मी लावलाय, हे बघा, माझी नखं अजून शेंदरी आहेत!

मग विमलबाई पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या हातांवर हळदकुंकू वाहिलं. मागची म्हातारी म्हणाली, "तिच्या हातून करून घेतलं बग आईनं."



म्हणे अगदी टोकावरही एक शेंदरी धोंडा आहे. मी तिथवर गेलेच नव्हते. अफवा कशा वाढतात त्याचा नमुना.

१७ जानेवारी

आता नियमही निघालेत. उन्हं वर येईपर्यंत डोंगरावर फक्त बायकांनी जायचं, पुरुषाची सावली नको. आणि पळत जायचं! वाटेत थांबलेलं आईला खपत नाही.

कुणी ठरवलं? विचारलं की प्रत्येक बाई दुसरीकडे बोट दाखवते.

आज विमलबाई लुगडं खोचून पळाल्या. अर्जुनराव पायथ्याला त्यांच्या चपला सांभाळत उभे. मी विचारलं, "दौड?" ते म्हणाले, "आता आईपुढं आपुन कोन!"

१८ जानेवारी

तेजश्रीचे बूट माळ्यावरून खाली आले. काकांनी स्वतः पुसून दिले. म्हणाले, "पळणं सोडू नको. कोप व्हईल."

२६ जानेवारी

दौड झाली! मुली, सुना, सासवा. प्रत्येक धोंड्यापाशी हात जोडायचे, पण पाय थांबवायचे नाहीत, त्यामुळे दोघी बाभळीत गेल्या. तेजश्री पहिली. अर्जुनरावांचं भाषण: "मी पहिल्या दिवसापास्नं पोरींच्या मागं हाय." टाळ्या.

मी वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलले. मला जास्तीचा प्रसाद मिळाला.

पण मन खातंय. मुली खोट्यावर पळाल्या. उद्या पारावर सगळ्यांसमोर डबा ठेवणार आणि उरलेला रंग दाखवणार. मग पळणं बंद झालं तर? तेजश्रीचं काय? तरी खरं ते खरं.

२७ जानेवारी

डबा काढला. रिकामा.

आई पाठीमागे उभी होती. दोन्ही हातांत एकेक हिरवी बांगडी कमी होती. म्हणाली, "तू लई खालीच थांबलीस, बाई. मी टोकापस्तोर रंगवत नेलं."

पारावर गेले नाही.