उलटी फिरलेली पृथ्वी आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त, आयुष्यभराचा धंदा दूरचित्रवाणीच्या बातम्यांची सुरुवातीची शीर्षके आणि वृत्तनिवेदकाच्या मागची दृश्ये तयार करण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे, पण रेघ अजून सरळ येते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; दबाव आणण्याइतके जवळचे कोणी उरलेले नाही.

कलम पहिले, साक्षीदारांबद्दल. वकीलसाहेबांनी आधीच बजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, दिले तर ते रद्द ठरते. इथेच माझी पंचाईत झाली. ज्यांना हक्काने घरी बोलवावे अशी माणसे मला दोनच. एक खालच्या मजल्यावरचे निवृत्त वृत्तनिवेदक, दुसरा आमच्या स्टुडिओचा सुतार. दोघांना साक्षीदार केले तर दोघेही कोरडे राहतात.

"आणखी कोणीच नाही?" वकीलसाहेबांनी विचारले.

"धाकटी बहीण आहे."

"मग त्यांची सही घेऊ."

"तिलाच तर सगळं द्यायचंय. आणि ती माझ्याशी बोलत नाही."

"किती दिवस झाले?"

"चौतीस वर्षं."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा मुद्दा घेतला.

म्हणून सुताराला माझ्या करवती, रंधे आणि लांब फूटपट्टी काल हातोहात देऊन टाकली. त्यांचा या मृत्युपत्राशी संबंध नाही. वृत्तनिवेदकांना माझी आरामखुर्ची दिली. ती त्यांनी न विचारता गेल्या वर्षीच खाली नेली होती, आता रीतसर त्यांची झाली.

कलम दुसरे, राहते घर. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, कर्ज नाही, एक नळ गळका. पुढच्या खोलीच्या भिंतीला प्लायवुडच्या चार फळ्या ठोकल्या आहेत. हे आमच्या संध्याकाळच्या बातम्यांमागचे शहर. इमारतींच्या खिडक्या कापून मागून बटर पेपर लावला आहे, त्यामागे दिवे आहेत. भंगारात चालले होते, मी टेम्पो करून घरी आणले. उरलेल्या दोन फळ्या जागेअभावी कपाटामागे उभ्या आहेत, त्यामुळे माझ्या शहराला नदी नाही.

मधल्या फळीवर डोके आणि खांदे मावतील एवढी जागा राखाडी सोडलेली दिसेल. ते काम अर्धवट टाकलेले नाही. तिथे निवेदक बसत, मागचे कोणाला दिसत नसे, मग रंग कशाला वाया घालवा. आता त्या जागेपुढे माझी खुर्ची आहे. रोज सातला मी दिवे लावते आणि तिथे बसते. मी बसले की चित्र पुरे होते. ते पाहायला समोर कोणी नसते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पण घर घेणाऱ्याला माहीत असावे की इथे एक माणूस फार एकटे राहिले.

हे घर, फळ्या आणि गळक्या नळासह, धाकटीचे. बँकेत असेल तेही तिचे. आकडा पासबुकात आहे, इथे लिहून त्याला मोठेपणा देत नाही. तिने नाकारल्यास कोणालाही द्यावे, मला विचारत बसू नये.

कलम तिसरे, जुने हिशेब. "मागचं कोण बघतं हो?" असे भर बैठकीत म्हणणाऱ्या साहेबांना मी निळ्या रंगाचे तीन वाळलेले डबे ठेवते. ते हयात नसल्यास डबे त्यांच्या चिरंजीवांना द्यावेत, तेही वडिलांवर गेले आहेत. वृत्तनिवेदकांनी टेबलाच्या नव्या रंगावर रोज पेन आपटून जो खड्डा पाडला, त्याची माफी मी दिली आहे. त्यांना ती कळवण्याची गरज नाही, सही करताना वाचतीलच.

कलम चौथे, पृथ्वी. मृत्युपत्र खरे तर याच्यासाठी आहे.

कपाटावर, पांढऱ्या कापडाखाली, दोन वितींचा पृथ्वीगोल आहे. कागदाच्या लगद्याचा, समुद्र माझ्या हातचे. बातम्यांच्या सुरुवातीला जी पृथ्वी फिरायची ती हीच. टेबलाखाली शिवणयंत्राचे हँडल होते, त्यावरून पट्टा वर गोलाला जाई, आणि चित्रीकरणाच्या वेळी मी टेबलाखाली बसून ते फिरवले. पट्टा घसरत होता, म्हणून सुताराने त्याला आठाच्या आकड्यासारखा पीळ दिला. पकड आली, पण दिशा उलटली. आमची पृथ्वी पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरू लागली. मी टेबलाखाली होते, बाकीचे घड्याळ बघत होते. कोणाच्याच लक्षात आले नाही.

नवी पृथ्वी आणि नवे शहर एकाच संध्याकाळी प्रथम दिसणार होते. त्या दिवशी चार वाजता धाकटीचा हॉस्पिटलातून फोन आला.

"आईचं काही खरं नाही. लगेच ये."

"एक फळी ओली आहे गं. रंग वाळला की निघतेच."

मी आठ वाजता पोचले. आई सात वाजून दहा मिनिटांनी गेली होती. वॉर्डाच्या कोपऱ्यात टीव्ही होता आणि आई गेली तेव्हा त्यावर आमच्या सातच्या बातम्या चालू होत्या, म्हणजे माझे काम धाकटीने तिथे, आईचा हात धरून पाहिले. मला बघून ती एवढेच म्हणाली, "वाळला का रंग?" त्यानंतर तिने माझ्याशी बोलणे सोडले.

शपथेवर सांगते, फळीला वाळायला मी लागत नव्हते. मला भीती वाटत होती. आईला तसे बघायची भीती, आणि ओल्या रंगाशेजारी उभे राहायला निमित्त होते. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

वर्षाने, आई गेली त्याच आठवड्यात, प्रेक्षकांच्या टपालात एक कार्ड आले. टपाल पाहणाऱ्या बाईंनी हसत माझ्या टेबलावर आणून ठेवले. "आपल्या बातम्यांतील पृथ्वी उलटी फिरते. कृपया दुरुस्त करावी." खाली धाकटीची सही आणि पूर्ण पत्ता. ती शाळेत भूगोल शिकवायची. लाखो लोक रोज ती पृथ्वी बघत होते, चूक तिला दिसली.

पट्ट्याचा पीळ काढून पुन्हा चित्रीकरण करायचे, अर्ध्या दिवसाचे काम. मी ते केले नाही. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात दुसरे कार्ड आले, तोच मजकूर. मग मी मुद्दाम केले नाही. अशी सात कार्डे आली. पृथ्वी चुकीची फिरत होती तोवर माझी बहीण मला वर्षातून एकदा लिहीत होती.

प्रत्येक कार्डाला ऑफिसचे छापील उत्तर जाई: "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." खाली दोन बोटे जागा कोरी असे. त्या जागेत मी एकदाही काही लिहिले नाही, पेन हातात असून. पत्ता मात्र दर वर्षी मी घातला. माझे अक्षर ती ओळखते, आम्ही दोघींनी एकाच पाटीवर गिरवलेले आहे.

आठव्या वर्षी नव्या साहेबांनी संगणकावरची पृथ्वी आणली. ती पहिल्या दिवसापासून बरोबर फिरली. त्या वर्षी शेवटचे कार्ड आले: "पृथ्वी आता बरोबर फिरते. आता लिहिण्याचं काही कारण नाही." आठही कार्डे गोलाच्या पेटीत आहेत.

गोल, हँडल आणि पट्टा धाकटीला. पट्ट्याचा पीळ मी अजून काढलेला नाही, तो तिने येऊन काढावा. पाच मिनिटे लागतील, चहा धरून अर्धा तास.

कलम पाचवे, पत्ता. वकीलसाहेब म्हणाले, सव्वीस वर्षांपूर्वीचा पत्ता चालणार नाही, खात्री हवी. म्हणून गेल्या महिन्यात सुतार बसने चार तास जाऊन आला. दारावर पाटी तीच आहे. आत जायला तो बुजला, गल्लीतच उभा राहिला.

"खिडकी उघडी होती, ताई. टीव्ही चालू होता."

"काय लागलं होतं?"

"सातच्या बातम्या."

मी त्याला दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्याने तेच सांगितले.

कलम सहावे आणि शेवटचे. याची एक प्रत धाकटीला मी हयात असतानाच पाठवायची आहे. वकीलसाहेबांना हे पटले नाही. "अहो, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात."

"मग उत्तर कोणाला येणार?" मी विचारले.

त्यावर त्यांनी पाकीट पुढे सरकवले. डॉक्टरांच्या मते मला अजून दहा वर्षे भीती नाही. लिहिण्याचे कारण उरले नाही असे तिने कळवले होते. मला हे एक सुचले.

वरील सर्व मजकूर वृत्तनिवेदकांनी सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवला. चौथ्या कलमाशी ते थांबले, पाणी प्यायले, मग पुढे वाचले. तीस वर्षांत ते बातमी वाचताना थांबल्याचे मला आठवत नाही.

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: आई गेली तो आठवडा, मंगळवार, सायंकाळी पाच.

सही: थोरली

साक्षीदार १: वृत्तनिवेदक, निवृत्त, खालचा मजला.
साक्षीदार २: सुतार. पट्ट्याला पीळ मी दिला होता, ताईंचा दोष नाही.

प्रत: धाकटीस, आजच्या टपालाने. पत्ता माझ्या हाताने घातला आहे. सोबत एक कोरे कार्ड.