सुंठीचे लंगडणे थांबल्याबाबत

प्रति,
मा. कार्यवाह,
श्री दक्षिणी यात्रेकरू निवास न्यास,
मुख्य कार्यालय, सातारा.

(स्थानिक व्यवस्थापकांनी अर्ज घेण्यास नकार दिल्याने थेट स्पीड पोस्टाने.)

विषय : अर्जदाराने स्वखुशीने सोडलेल्या दोन खोल्या कार्तिक पौर्णिमेपूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २९ सप्टेंबर २०२५ चा अर्ज. २) त्यावरील आपले उत्तर, "नियम १४ पाहावा", एवढेच. ३) अर्जदाराचे दि. १४ ऑक्टोबरचे सोडपत्र.

महोदय,

१. अर्जदार नीलकंठ वासुदेव टेंभेकर, वय वर्षे सदुसष्ट, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त. न्यासाच्या वाराणसीतील पंचगंगा घाटावरील इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर नदीकडच्या ज्या दोन खोल्या आहेत, ज्यांतून गच्चीचा जिना जातो, त्या खोल्यांत त्याच्या चार पिढ्या राहिल्या. त्या रिकाम्या करून घेण्यासाठी न्यासाने एकोणीस वर्षे दावा चालवला आणि अर्जदाराने तो तितक्याच हट्टाने लढवला, हे आपल्याला सांगायला नको. तोच अर्जदार पंधरा दिवसांपूर्वी किल्ली देऊन निघून गेला आणि आता त्याच खोल्या परत मागतो आहे. त्याचे डोके फिरले आहे असे स्थानिक व्यवस्थापक श्री. काशीनाथ गर्गे यांचे मत आहे. अर्जदाराच्या पत्नीचेही अधूनमधून तेच मत असते. तरीही हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा ही विनंती, कारण येत्या बुधवारी पौर्णिमा आहे आणि त्या दिवशी त्या गच्चीवर दीडशे माणसे बसणार आहेत.

२. हकिगत सुंठीपासून सुरू होते. सुंठी ही अर्जदाराची कुत्री. वय अकरा, रंग सुंठेचा, स्वभाव भिडस्त. गेल्या जूनमध्ये ती पुढच्या पायांनी लंगडू लागली. नदीपलीकडे रामनगरला डॉ. इरावती मुळ्ये यांचा जनावरांचा दवाखाना आहे. म्हाताऱ्या व जायबंदी कुत्र्यांना पुन्हा चालते करणे हेच त्यांचे काम. एक्स-रे काढून त्यांनी सांगितले की दोन्ही कोपरांत संधिवात आहे, तो जाणार नाही, पण आटोक्यात ठेवता येईल. वजन चार किलोने उतरवायचे. दिवसातून दोनदा दहा मिनिटे शेक, मग एकेक सांधा हळू वाकवायचा आणि सरळ करायचा. पडद्याच्या काठ्या जाड पुस्तकांवर आडव्या ठेवून तिला त्या ओलांडायला लावायच्या. गुळगुळीत फरशीवर काथ्याच्या चटया घालायच्या. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात पाण्याच्या टाकीतल्या फिरत्या पट्ट्यावर चालवायचे, म्हणजे अंगाचा भार पाणी उचलते. आणि रोज देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन-येऊन चालवत, पहिल्यांदा लंगडेपर्यंत किती पावले पडली ते वहीत लिहायचे. नोंदी करणे हे अर्जदाराचे आयुष्यभराचे काम. त्याने एकही दिवस चुकवला नाही.

३. वही सांगते : जूनमध्ये नऊ पावले, जुलैअखेर बासष्ट. अर्जदाराची पत्नी प्रमोदिनी त्या दिवशी आनंदाने शिरा करायला उठली होती, तिला सुंठीच्या वजनाची आठवण द्यावी लागली. मग ऑगस्टात गंगा चढली. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, इमारतीची खालची कोठी सतरा दिवस पाण्यात राहिली, आणि पाणी उतरल्यावर तीन दिवस पंप लावून गाळ काढला. नदी दरवर्षी येते, त्यात नवल नाही. पण सप्टेंबर लागला तसा वहीतला आकडा उतरू लागला. चाळीस, एकवीस, अकरा. अर्जदाराने स्वतःला दोष दिला. प्रमोदिनीनेही अर्जदारालाच दोष दिला, "तुम्हीच पेढा चारला असणार, मला काय कळत नाही?" आणि अर्जदाराने पेढा चारला होताच. डॉक्टरांनी व्यायाम वाढवले. सुंठी एकदाही न गुरगुरता ते करत राहिली, याचे अर्जदाराला आजही वाईट वाटते.

४. दि. १८ सप्टेंबर रोजी चटया धुवायला काढल्या होत्या. अर्जदाराने सुंठीचा चेंडू उंबऱ्याशी ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा चेंडू नदीकडच्या खिडकीखाली जाऊन थांबलेला होता. पंखा बंद होता. चेंडू पुन्हा उंबऱ्याशी ठेवून, तो खिडकीखाली पोहोचेपर्यंत अर्जदाराने आकडे मोजले : एकोणीस. मग सुंठीला चालवले. स्वयंपाकघराकडे जाताना नदी उजव्या हाताला येते, तेव्हा ती उजव्या पायाने लंगडली. परत फिरल्यावर नदी डाव्या हाताला आली, आणि ती डाव्या पायाने लंगडली. अर्जदार आहे तिथेच जमिनीवर बसला.

५. दवाखान्यातल्या सपाट फरशीवर तीच सुंठी एकशेदहा पावले न लंगडता चालली. चार पायांखाली चार वजनकाटे ठेवून पाहिले, तर भार जिथल्या तिथे. दि. २७ ला डॉक्टर स्वतः नावेने पलीकडून आल्या आणि त्यांनी सुंठीला खोलीत चार फेऱ्या चालवून पाहिले. मग म्हणाल्या, "काका, संधिवात वळताना पाय बदलत नाही. मी कुत्र्यांची डॉक्टर, दीवारीतलं मला काही कळत नाही. पण माझी आई असती तर तिला मी इथे झोपू दिलं नसतं." प्रमोदिनीने चहा पुढे केला तो त्यांनी जिन्यात उभे राहून घेतला.

६. त्यावर अर्जदाराने संदर्भ १ चा अर्ज केला व संदर्भ २ चे उत्तर आले. नियम १४ इमारतीत जनावर पाळण्यास मनाई करतो. इमारत नदीकडे कलते आहे असे कळवले असता इमारतीत कुत्री कशी, असा प्रश्न न्यासाला पडला, हे अर्जदाराने फाइलला लावून ठेवले आहे. तरी न्यासाने अभियंता श्री. सुशांत भडसावळे यांना दि. ९ ऑक्टोबरला पाहणीस पाठवले त्याबद्दल आभार. मात्र इथे एक चूक झाली, आणि ती अर्जदाराच्या घरची असल्याने कबूल करणे भाग आहे. साताऱ्याहून पाहुणा येणार म्हणून प्रमोदिनीने आदल्या दिवशी घर आवरले. डुगडुगणाऱ्या कपाटाखाली पाचरी सारल्या, पलंगाच्या नदीकडच्या पायांखाली विटा दिल्या, भिंतीतल्या भेगेवर नवे कॅलेंडर टांगले आणि सगळ्या फरशीवर धुतलेल्या चटया अंथरल्या. पाहुण्यापुढे घर वाकडे दिसू द्यायचे नाही, ही तिच्या माहेरची शिस्त. श्री. भडसावळे पोहे खाऊन, चहा घेऊन, खोलीच्या मधोमध उभे राहून लिहून गेले : सामान सरळ, भेग आढळली नाही, भाडेकरू समाधानी. अर्जदार तोंडाला फेस येईपर्यंत बोलत होता. श्री. भडसावळे यांनी त्यातले काही उतरवले नाही. पोह्यांची कृती मात्र उतरवून नेली.

७. पुढे श्री. गर्गे घाटावर चारचौघांत म्हणाले, "काकांचा बहाना आहे सगळा. मुकदमा हरायला आले, तर आता बिल्डिंगच पाडायला निघाले." अर्जदाराला संताप आला. संताप ओसरल्यावर त्यातली खोच त्याच्या ध्यानात आली. ज्याला खोल्या हव्या आहेत त्याचे कोण ऐकणार? तेव्हा खोल्या नकोत असेच म्हणावे. दि. १४ रोजी अर्जदाराने दावा संपवणारे सोडपत्र सही करून दिले आणि किल्ली श्री. गर्गे यांच्या हातात ठेवली. बदल्यात दोनच गोष्टी मागितल्या : नदीकडच्या भिंतीचा पाया तपासून होईपर्यंत खोल्या बंद ठेवाव्यात, आणि पौर्णिमेला गच्चीवर कोणालाही चढवू नये. श्री. गर्गे म्हणाले, "हो काका, बिल्कुल." निघताना प्रमोदिनीने उंबऱ्याला हळदकुंकू वाहिले आणि रामनगरचा पूल संपेपर्यंत ती रडत होती. अर्जदारही रडला. अर्जात असे लिहायचे नसते, पण ते खरे आहे.

८. अर्जदार हल्ली रामनगरला तळमजल्यावरच्या भाड्याच्या एका खोलीत राहतो. दि. १९ ला वहीत आकडा आला एकशेवीस. दि. २५ पासून अर्जदाराने आकडा लिहिणे सोडले, कारण सुंठी लंगडेचना. तिला नवे औषध दिलेले नाही, नवा व्यायाम नाही. बदलले ते फक्त घर. डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली, प्रमोदिनीने राहिलेला शिरा अखेर केला. अर्जदाराने आपली वाटी तशीच ठेवली. ती इथेही लंगडली असती तर म्हातारपण म्हणून मनाची समजूत घालता आली असती. सुंठी बरी झाली आहे, म्हणूनच अर्जदार घाबरला आहे.

९. काल, दि. २८ रोजी, अर्जदार तिला घेऊन घाटावर गेला. कार्तिकाचे आकाशदिवे बांबूंवर चढले होते. घाटाच्या त्या उभ्या पायऱ्या ती कुठेही न थांबता चढली. ओळखीचे नावाडी बघत राहिले. वर खोल्या सताड उघड्या होत्या. भिंतींना चुना लावलेला, कोपऱ्यात बावीस गाद्या रचलेल्या. पौर्णिमेला बावीस यात्रेकरू खोल्यांत उतरणार आणि वर गच्चीवर घाटांचे दिवे पाहायला दीडशे खुर्च्या मांडणार, असे कळले. श्री. गर्गे म्हणाले, "तुम्हीच खाली केल्या ना, काका? पूर्णिमेला खाली खोली कोण ठेवतं?" अर्जदार तिथे राहत होता तोवर त्या खोल्यांत दोन म्हातारी माणसे आणि एक कुत्री एवढाच भार होता. माणसे वाचावीत म्हणून त्याने त्या सोडल्या, आणि सोडल्यामुळेच त्या माणसांनी भरणार आहेत. हे काम अर्जदाराने स्वतःच्या सहीने केले आहे.

सुंठी उंबऱ्याशी थांबली. उजवा पाय आत ठेवला, उचलला, आणि मागे सरून अर्जदाराच्या पावलांवर बसली. चुना आठवड्याचाही नव्हता, तरी खिडकीपासून छतापर्यंत भेग पुन्हा उमटलेली होती. तीत अर्जदाराचे बोट पहिल्या पेरापर्यंत गेले. अर्जदाराने खिशातून चेंडू काढून उंबऱ्याशी ठेवला. सप्टेंबरात एकोणीस झाले होते, किल्ली देण्याच्या दिवशी अकरा. काल सहा झाले. श्री. गर्गे पाहत होते आणि ते हसले नाहीत. त्यांनी जाऊन चेंडू उचलून आणला, अर्जदाराच्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "बुकिंग सगळं साताऱ्याहून झालंय, काका. मेरे हाथ में कुछ नहीं है." त्यांचीही बायको-मुले त्याच इमारतीत तळमजल्याला राहतात.

तिथून अर्जदार शहरातल्या दोन कार्यालयांत गेला. दोन्हीकडे त्याला विचारण्यात आले की आपण मालक का, भाडेकरू का. अर्जदार आता दोन्ही नाही. तेव्हा त्याची तक्रार घेता येत नाही, असे त्याला अदबीने सांगण्यात आले आणि पाणी देण्यात आले.

१०. सबब विनंती की सदर दोन खोल्या अर्जदारास दि. ५ नोव्हेंबरपूर्वी पुन्हा भाड्याने द्याव्यात. भाडे आपण म्हणाल ते, अटी आपण घालाल त्या. अर्जदार एकोणीस वर्षे खोटे बोलत होता असे लिहून हवे असल्यास तेही लिहून देईल. नियम १४ त्याला मान्य आहे. बावीस पाहुण्यांची सोय रामनगरला ओळखीच्या घरांतून करता येईल. प्रमोदिनीने स्वयंपाकाची जबाबदारी घेतली आहे आणि ती घेतली की पार पाडते. पाया तपासून इमारत धड आहे असे निघाले, तर अर्जदार साताऱ्याला येऊन सर्वांसमक्ष माफी मागेल. तशी माफी मागायला मिळावी एवढीच त्याची आता इच्छा आहे.

अर्जदार त्या खोल्यांत राहणार नाही, एक भांडेही आत नेणार नाही. गच्चीला दुसरा जिना नाही. तो दाराला कुलूप लावील आणि सुंठीला घेऊन घाटावर जाऊन बसेल, इमारतीची सावली पडत नाही अशा जागी.

उत्तर न आले तरी चालेल, किल्ली यावी.

आपला नम्र,

(सही)
नीलकंठ वासुदेव टेंभेकर
रामनगर, वाराणसी
दि. २९ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) वहीच्या पानांची प्रत, जून ते ऑक्टोबर.
२) डॉ. इरावती मुळ्ये यांचे पत्र. त्यात सुंठीची तब्येत उत्तम असल्याचे म्हटले आहे. ते कृपया वाईट बातमी म्हणून वाचावे.
३) सोडपत्राची प्रत. दोन्ही अटी मागच्या बाजूस आहेत, पान उलटावे.
४) चेंडू, एक. गच्चीवर पहिला माणूस चढवण्यापूर्वी न्यासाच्या कोणाही अधिकाऱ्याने तो उंबऱ्याशी ठेवावा, हात काढून घ्यावा आणि मोजावे.