तुमची माहिती गुप्त राहील

प्रिय रंजीता,

सप्रेम जय भीम. चंद्रपूर ते आपलं गाव, आणि तेवढ्यासाठी पत्र, म्हणून हसशील. हस, पण अर्ध्यात फाडू नकोस. फोनवर तू मला पूर्ण बोलू दिलं नसतंस, आणि खरं सांगायचं तर हल्ली मला फोनचीच धास्ती वाटते.

गेल्या सोमवारी आमच्या संस्थेत नागपूरहून एक बाई वेबसाइट तपासायला आल्या. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या त्या वेबसाइटचा मला किती तोरा, तुला ठाऊकच आहे. 'लग्नाआधी रक्त तपासा' हे पान माझं, त्याखालची 'तुमची माहिती गुप्त राहील' ही ओळही माझीच. बाईंनी ते पान उघडलं आणि शेजारच्या पडद्यावर नावं सरकू लागली. अकरा कंपन्या. कोणत्या मोबाइलवरून, कोणत्या भागातून, कोणतं पान किती वेळ वाचलं, सगळं त्यांच्याकडे चाललेलं. हे कोणी घुसवलं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हीच. वाचक किती ते वार्षिक अहवालात लिहावं लागतं, म्हणून मी मोजणीची एक फुकटची सोय बसवली होती. ती नुसती मोजत नव्हती, वाचणाऱ्याच्या मागे लागत होती. मला आधी तूच आठवलीस.

कारण ते पान तुला मीच वाचायला लावलं होतं. तू वाहक निघालीस, म्हणजे तुला आजार नाही पण लेकरांकडे जाऊ शकतो, म्हणून रडरड रडलीस. नवरा वाहक नसला तर लेकरांना आजार होत नाही, नीट वाच, असं मी म्हणाले. तूही शहाण्यासारखं ठरवलंस की बघायला येणाऱ्या पाहुण्यांना स्वतःच सांगायचं आणि मुलाचंही रक्त तपासून घ्यायचं.

पण आरमोरीचे पाहुणे आले त्या दिवशी मुलाची बहीण पुनम तुझ्या मोबाइलवर मेहंदीचे नमुने पाहत बसली आणि एकदम चहा न घेताच उठली. तू काही सांगायच्या आधीच चौथ्या दिवशी निरोप आला, पोरीच्या रक्तात दोष आहे, सोयरीक नको. रिपोर्ट पोंभुर्ण्याच्या दवाखान्यातून आणून तुझ्या हातात दिला होता गावच्या आशा कार्यकर्त्या सोमारीबाईनं. गावात बायांच्या तपासणीच्या दिवशी तू तिला सगळ्यांदेखत 'तूच सांगितलंस' असं बोललीस. ती एवढंच म्हणाली, "मी काऊन सांगीन बाई? मले माह्या लेकीची शपथ हाय." कोणी ऐकलं नाही. तेव्हापासून बाया तिला दिवस गेल्याचंही सांगत नाहीत. गावातल्या कोलूच्या सुनेनं सातव्या महिन्यापर्यंत लपवलं आणि शेवटी रक्त चढवायला तिला इकडे चंद्रपूरला आणावं लागलं. आता शनिवारी ग्रामसभेत सोमारीबाईला काढायचा ठराव येतोय, आणि त्यासाठीच्या अर्जावर पहिली सही तुझी आहे.

काल मी पुनमला फोन लावला. ती बिचारी सरळ बोलली. "आमाले कोनीच नाई सांगितलं. मी मेहंदी पाहून राह्यली होती, तं मधामधात सिकलसेलच्या गोळ्याइच्याच जाहिराती. मंग का समजाव आमी?" मी फोन ठेवला. तू ते पान वाचलंस, म्हणूनच तुझ्या मोबाइलवर त्या जाहिराती येत होत्या. तुझ्या आईलाही आपण ज्याचा पत्ता लागू दिला नव्हता, ते माझ्या हातून अकरा अनोळखी कंपन्यांना कळलं, आणि मी तिकडे वाचक वाढले म्हणून खूश होते.

ती मोजणी मी काढून टाकली आहे, ती ओळही पुसली. शनिवारी गावात येऊन हे सगळं ग्रामसभेत सांगायचं आहे. पण त्यात तुझ्या रक्ताची गोष्ट येणार, आणि ती तुला न विचारता पुन्हा चारचौघांत काढायची नाही, एवढं तरी मी शिकले. म्हणून हे पत्र. हो म्हण, रंजीता. सोमारीबाईचा काही दोष नाही, आणि तुझाही नाही. निरोप आला त्या संध्याकाळी तू कोणाचंच नाव घेतलं नव्हतंस, नुसती रडत होतीस. 'सोमारीबाईशिवाय दुसरं कोण सांगणार,' असं पहिल्यांदा मीच म्हणाले होते.

तू ठेवशील तर अजूनही तुझीच,
नंदिनी