सुई आणि प्रार्थना

१३ जानेवारी

माझ्या गुणी बाळा,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. फोनवर बोलतोच, पण तेव्हा तुझी आई शेजारी बसून कानांत प्राण आणून ऐकत असते, म्हणून हे पत्र.

थंडी बरी आहे. स्वयंपाकघरातला नळ मी स्वतः दुरुस्त केला. आता तो पहिल्यापेक्षा जास्त गळतो.

तुझ्या काजळीला हल्ली प्राण्यांच्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेतो. आधीच्या दवाखान्यात तिला दोघं-तिघं दाबून धरायचे आणि घरी आली की ती दिवसभर कपाटाखाली बसायची. या बाई टेबल वापरतच नाहीत. सतरंजीवर बसतात, पिंजऱ्याचं वरचं झाकण काढतात, आणि मांजर आतच बसलेलं असताना अंगावर टॉवेल टाकून हळूहळू तपासतात. पहिल्या दिवशी तर हातही लावला नाही, नुसत्या गप्पा मारल्या. तुझी आई म्हणाली, लग्न करून आले तेव्हा तुमच्या घरी माझंसुद्धा एवढं कुणी केलं नव्हतं.

काजळीची मूत्रपिंडं थकली आहेत. म्हणून रोज सकाळी मानेमागच्या सैल कातडीखाली सलाईन द्यायला बाईंनी मला शिकवलं. मला धीर यावा म्हणून मी माझी प्रार्थना पुटपुटत सुई टोचायचो. वाटलं, देवाचं नाव कानावर पडून तिलाही धीर येईल. झालं भलतंच. मी हात जोडून तोंड उघडलं रे उघडलं, की ही पसार. बाईंना सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, "काका, तिच्या लेखी तुमचा देवच सुई टोचतो. दोन्ही वेगळं ठेवा."

तेव्हापासून प्रार्थना मनातल्या मनात करतो. खरं सांगू, बरी होते. मोठ्याने म्हणायचो तेव्हा मागणंच फार असायचं.

सुई आता बंद केली आहे. परवा बाई घरी आल्या होत्या. काजळीजवळ जमिनीवर बराच वेळ बसून राहिल्या.

सोमवारपासून तुझी परीक्षा. तुला यातलं काही कळवायचं नाही, असं आईने मला बजावलं आहे. पोर कोलमडेल, म्हणते. तिचंही चुकत नाही. मी हो म्हणालो होतो. अभ्यास नीट करतेस ना? जेवणाची आबाळ करू नकोस.

इथवर लिहिलं आणि मागे चाहूल लागली. तुझी आई उभी होती, सगळं वाचून झालेलं. आता माझी धडगत नाही असं वाटलं. पण ती खुर्ची ओढून बसली, चष्मा पुसत राहिली, आणि म्हणाली, "लिहिलंच आहे, तर अर्धवट लिहू नका."

म्हणून लिहितो. काजळी आता बरी होणार नाही. तिचे हाल होऊ नयेत म्हणून रविवारी सकाळी बाई घरी येतील. आधी झोपेचं औषध देतील, ती गाढ झोपली की शेवटचं. खिडकीपाशी, तिच्या नेहमीच्या उशीवर. तिला कुठे नेणार नाही, कुणी दाबून धरणार नाही.

शनिवारी आलीस तर रविवारी संध्याकाळी परत पोचशील. नाही आलीस तर मी तिच्याजवळ बसेन, आणि तुला कुणी एका शब्दाने बोलणार नाही. आईसुद्धा नाही. तिला विचारूनच लिहितोय.

तुझी वाट न पाहण्याचा प्रयत्न करणारे,
बाबा आणि आई